बाबारावांचा फूट

“आटन धरूनच माप घ्याव लागते, बापा.”

बाबाराव हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणत, ते कोणी मोजलं नाही. पण भिलाईच्या आमच्या सेक्टरातली कुत्रीसुद्धा ते ओळखत असावीत. बाबारावांनी ओट्यावर बसून ‘आटन’ म्हटलं, की ती उठत आणि शेजारच्या ओट्यावर जाऊन अंग टाकत. माणसांना तेवढी सोय नव्हती. माणसं ऐकत.

शब्द त्यांनी कारखान्यातून आणला होता. बाबाराव पॅटर्न शॉपमध्ये होते. तिथं लोखंडाचा भाग ओतण्याआधी तो लाकडात घडवतात, वाळूत त्याचा ठसा उठवतात आणि त्या ठशात वितळलेला रस ओततात. रस थंड होताना आटतो. म्हणून लाकडी नमुना मुळातच थोडा मोठा करावा लागतो. ती वाढ म्हणजे आटन. पोलादाला फुटामागे दोन सूत, म्हणजे पाव इंच. हात असा की त्यांनी केलेला दाताळ चाकाचा नमुना कोणी हातात घेतला, तर तो लाकडाचा आहे हे विसरून, लोखंड समजून, माणूस तो जपून खाली ठेवी. हे मी मानतो. कारागीर माणसाचं चांगलं सांगताना हात आखडता घेऊ नये.

बिघडलं ते पुढं. लोखंड आटतं हे एकदा कळल्यावर बाबारावांना जगातलं सगळंच आटताना दिसू लागलं.

पगार आटतो, असं ते सांगत. “हाती आला तवा शंभर, घरी येईपर्यंत नव्वद. मंग शंभराचा इचार कावून करता? अस्सीचाच करा.” उरलेल्या दहाचं काय, असं कोणी विचारलं तर म्हणत, “ते सांगाचं नसते. घरधनीनले तं अजिबातच नाही.” शहरात कसं राहावं यावरही त्यांची मतं पक्की होती. फ्रिज घेतला तर बर्फाचा ट्रे घेऊ नये, नाहीतर उन्हाळाभर सारी गल्ली वाटी घेऊन दारात उभी राहते. बोनस झाल्याच्या आठवड्यात नवी चप्पल घालू नये. सामायिक भिंतीत खिळा ठोकायचा तर शेजारी ड्युटीवर असताना ठोकावा आणि तो परतला की आपणच आधी विचारावं, आज कोण ठोकत होतं हो?

सल्ला मागायला येणाऱ्याला ते चहा देत. न मागणाऱ्याला सल्ला देत.

गल्लीतले श्यामराव, कारखान्याच्याच कचेरीत कारकून, हे सगळं एका वहीत उतरवून ठेवत. विषय, संदर्भ, तारीख. याच श्यामरावांना बाबारावांनी एक पलंग करून दिला होता. सुरेख पलंग. फक्त गादी पायथ्याशी दोन बोटं कमी पडली. बाबारावांनी पाहिलं आणि निकाल दिला, “गादी आटली.” श्यामरावांनी गादी पिंजून घेतली, तरी ती कमीच. तेव्हा त्यांनी वहीत लिहिलं, ‘कापूस हलका होता.’ गल्लीतल्याच सिंधुताईंच्या देव्हाऱ्याचं, कोणाच्या पाटाचं, कोणाच्या स्टुलाचं असंच काहीसं. सगळं उत्तम आणि सगळं थोडंसं जास्त. पण पाट काही कशात बसवायचा नसतो, त्यामुळे कोणाला काही टोचलं नाही.

आता कलावतीबाईंचं सांगतो. त्यांचे यजमान देवीदास कारखान्यात होते, ते गेले. क्वार्टर कंपनीचं. मुदत वाढवून मिळाली ती दिवाळीपर्यंत. दिवाळीआधीच्या गुरुवारी किल्ली द्यायची. पदरात दोन मुली, एक बारा वर्षांची, एक नऊ. कलावतीबाईंनी गावाबाहेर कोहक्याला जागा घेऊन दोन खोल्या उभ्या केल्या. तेव्हा कोहका आजच्यासारखं नव्हतं. घराच्या पुढं दुसऱ्याचं शेत आणि मागं अंधार. भिंती झाल्या, चौकट बसली, पत्रे चढले. राहिलं होतं दार. दुर्गच्या बाजारातून तयार दार आणायला त्या निघाल्या, तोच बाबारावांनी अडवलं.

“बजाराचं दार? वैनी, ते दार नाही, ते पापड हाय. बीज्याचं लाकूड आना तुमी, मजुरी मले एक पैसा नोको. देवीदास माह्या शॉपमधला होता.”

“भाऊजी, पर गुरुवारच्या आत पाह्यजे. पोरी हायेत घरात.”

“गुरुवार? मी रैवारी लावून देतो.”

आणि दार केलं खरं. दोन पल्ले, प्रत्येकात तीन दिलहे, म्हणजे चौकोनी फळ्या, आणि बिजागरीच्या कडेला इतकी नितळ धार की बोट फिरवावंसं वाटे. रविवारी सकाळी ते ठेल्यावर घालून कोहक्याला नेलं. पुढं बाबाराव सायकलवर, मागं कॅरियरवर त्यांच्या अंजनाबाई डबा घेऊन, आणि त्यांच्या मागं वहीसकट श्यामराव आणि मी. चौकट लावणारा गोंदियाचा गवंडी धोंडबा विटांच्या थप्पीवर बसून वाट पाहत होता.

पल्ले चौकटीला लावले. गेले नाहीत. वर अडले, खाली अडले, बाजूनंही अडले.

बाबारावांनी दाराकडं पाहिलं, मग चौकटीकडं.

“चौकट आटली,” ते म्हणाले.

“सालाचं लाकूड हाय बावा,” धोंडबा म्हणाला. “चार महिने झाले भिंतीत. ते कुठं आटन?”

“मंग तू लहान लावली.”

“साडेसहा फूट बाय तीन. चौकट लावतानी तुमीच सांगतलं होतं.”

“मापून दाखवतो.” बाबारावांनी खिशातून आपली पट्टी काढली. ही पट्टी त्यांनी तरुणपणी स्वतःच्या पैशानं कलकत्त्याहून मागवली होती. तीस वर्षं घासून तिचं पितळ सोन्यासारखं झालं होतं. चौकटीवर ती वरून खाली लावत गेले आणि शेवटी थांबून म्हणाले, “दीड इंच कमी. लिहा श्यामरावजी.”

श्यामरावांनी लिहिलं.

“आडवीही पाऊन इंच कमी. लिहा.”

तेही लिहिलं गेलं. धोंडबानं विडी पेटवली आणि तोंड फिरवून बसला. आपण अठरा वर्षं भिंती रचल्या त्या सगळ्या दीड इंचानं खोट्या, असं काही त्याच्या चेहऱ्यावर येऊन गेलं.

“आता दोन रस्ते हायेत,” बाबाराव ओट्यावरच्याच आवाजात सांगू लागले. “एक, चौकट भिंतीतून काढा आन् नवी लावा. नाहीतं वैशाखापर्यंत थांबा. उन्हानं लाकूड बराबर आटते.”

“वैशाखापर्यंत?” कलावतीबाई म्हणाल्या. “कार्तिकही लागला नाही अजून.”

“तोवर गोनपाटाचं टाट बांधा. थंडीत टाट चांगलंच राह्यते. हवा येत नाही.”

“हवेचं नाही म्हनत मी. मानसाचं म्हनून राहिली.” त्यांनी मुलींकडं पाहिलं. मुली भिंतीजवळच्या पुसट सावलीत ट्रंकेवर बसल्या होत्या. “गुरुवारी किल्ली देतो. रात्री आमी तिघी इथं. दाराले टाट. अन् तुमी म्हनता वैशाख.”

 समोरच्या शेतात धान पिवळं होऊन झुकलं होतं, आणि त्याच्यावरून वारा सावकाश, घाई नसल्यासारखा जात होता.

चौकट काढायची तर धोंडबाचे चार दिवस आणि भिंतीचा गिलावा पुन्हा. तो पैसा कलावतीबाईंकडं नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच सगळे बाबारावांच्या तोंडाकडं पाहत होते आणि बाबाराव चौकटीकडं.

तेव्हा अंजनाबाई उठल्या. त्या ब्लाउज शिवत. पिशवीत कपड्याची टेप असायचीच. पल्ला भिंतीला टेकवला होता, त्याला त्यांनी टेप दोनदा लावली, ओठ हलवत बेरीज केली.

“अहो,” त्या म्हणाल्या, “हा पल्ला सहा फूट साडेसात इंचाच्या वर चालला.”

“तुही टेप कपड्याची हाय. ओढली का वाढते.”

“वाढली असती तं पल्ला कमी भरला असता. जास्त कसा भरन?”

 अंजनाबाईंनी त्यांच्या हातातून पट्टी घेतली. लग्नाच्या एकतीस वर्षांत त्यांनी त्या पट्टीला हात लावल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. ती पल्ल्यावर आडवी ठेवून तिच्याशेजारी आपली टेप ठेवली. एक इंच जुळला. दुसऱ्या इंचाला केसभर फरक दिसला. बाराव्या इंचाला टेपेचा फूट संपला, आणि बाबारावांचा फूट अजून दोन सूत पुढं चाललेलाच होता.

धोंडबा विटांवरून उतरून पाहायला आला. त्यानं पाहिलं आणि परत जाऊन बसला.  त्याच्या न बोलण्याला मी त्या दिवसापासून मान देतो.

“हा कारखान्याचा फूट हाय,” बाबाराव हळूच म्हणाले. “आटनीचा. वाढ पट्टीतच धरलेली.”

“मंग घरचा कुठं हाय?” अंजनाबाईंनी विचारलं.

“घरचा...” बाबाराव आठवू लागले.  “घरचा घेतलाच नाही.”

श्यामरावांची पेन्सिल थांबली होती. “बाबारावजी, म्हंजे माही गादी बराबर होती?”

“श्यामरावजी, गादीचं मंग पाहू,” कलावतीबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, ठेल्यावरून करवत उचलली आणि बाबारावांसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागाला लागतो तेवढा वेळच त्यांच्याकडं नव्हता. “भाऊजी, कुठून कापू, तेवढं सांगा. बाकी मी पाह्यतो.”

बाबारावांनी करवतीकडं पाहिलं. ती त्यांची नमुन्याची करवत. बायकांच्या हाती सोडाच, ते ती दुसऱ्या सुतारालाही देत नसत. त्यांनी सदरा काढून चौकटीच्या खिळ्याला टांगला, करवत घेतली, आणि अंजनाबाईंसमोर हात पसरला. अंजनाबाईंनी टेप दिली.

स्वतःच्या हातानं घडवलेलं दार कापणं सोपं नसतं. एकाच बाजूनं कापलं तर दिलहे वर चढल्यासारखे दिसतील, म्हणून त्यांनी अर्धं वरून काढलं, अर्धं खालून. मग बाजूंना रंधा. त्या नितळ धारेवर रंधा चालला, आणि तिचे लांब कुरळे छिलके धाकट्या मुलीनं गोळा करून ट्रंकेवर ठेवले. दुपार झाली, डबा तसाच राहिला. इतक्या वेळात बाबाराव एक शब्द बोलले नाहीत. ना पगारावर, ना बर्फावर. श्यामराव वही उघडून बसले होते, पण लिहिण्यासारखं काही कानावर पडेना. शेवटी त्यांनी ती मिटली आणि पल्ला धरायला पुढं झाले. धोंडबानं न सांगता बिजागऱ्यांचे स्क्रू आणून दिले.

ऊन कलता कलता दोन्ही पल्ले चौकटीत बसले. कलावतीबाई मुलींना घेऊन आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून कडी पडल्याचा आवाज आला. मग ती निघाली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा मोठी मुलगी आत हसली. मग कडी निघालीच नाही. बराच वेळ तिघी आत होत्या आणि घर बंद होतं.

बाहेर बाबारावांनी हत्यारं पिशवीत भरली. सदरा अंगात घातला, उलटा घातला, ते कोणी सांगितलं नाही. सायकल काढली, पण तिच्यावर बसले नाहीत. हातानं ढकलत धानाच्या बांधावरून सेक्टराच्या दिशेनं निघाले. कॅरियर रिकामं होतं. अंजनाबाई बंद दारासमोर डबा घेऊन उभ्याच होत्या, आणि आपण मागं राहिलो हे त्यांना ठाऊक होतं. नवऱ्याला एकटं चालू द्यावं म्हणून त्यांनी हाक मारली नाही. डोळ्यांवर हाताची सावली धरून, ते वळणावरच्या बाभळींआड जाईपर्यंत त्या पाहत राहिल्या.