पिवळ्या गाडीला नक्की काय म्हणायचं?

गेल्या रविवारी कळंबहून आमच्या निर्मळ गावी परत येत होते. रस्त्याकडेला शहाळेवाल्यापाशी एक पिवळीधमक स्पोर्ट्स कार उभी होती. बसकी, दोन दारांची आणि वरचं छप्पर गायब... मी स्कूटर थांबवून फोटो काढला आणि घरी येऊन फेसबुकवर टाकला. वर लिहिलं, 'निर्मळच्या वाटेवर कन्व्हर्टिबल!'

गाड्यांमधलं मला ओ की ठो कळत नाही. छप्पर उघडं दिसलं म्हणून कन्व्हर्टिबल म्हटलं, एवढंच.

चहा उकळेपर्यंत पहिली कमेंट आली. 'ही कन्व्हर्टिबल नाही. दोनच सीट आहेत, हिला रोडस्टर म्हणतात.' लिहिणारा मनोज. शाळेत माझ्या वर्गात होता, आता शेजारच्या वाडीत राहतो.

थोड्या वेळाने त्याखाली उत्तर आलं. 'छप्पर उघडलं की ती कन्व्हर्टिबल. सीट मोजून नाव ठरत नाही.' हे सुधीरदादाने लिहिलं होतं. मी कप खाली ठेवला आणि नाव पुन्हा एकदा नीट वाचलं...

कारण सुधीरदादा हा मनोजचा सख्खा थोरला भाऊ आहे आणि ते दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांच्या वाडीत मधोमध बावखल आहे, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं आमच्याकडचं जुनं तळं. ते बुजवून घर वाढवायचं असं मनोजचं म्हणणं होतं आणि बुजवू देणार नाही असं दादाचं. बावखल आहे तिथेच राहिलं, बोलणं मात्र बंद झालं ते बंदच.

एका काठाला एकाचं घर, समोरच्या काठाला दुसऱ्याचं. काही निरोप असला की त्यांची आई, आमच्या शालूकाकू, बावखलाला वळसा घालून इकडून तिकडे जातात. गुडघे दुखतात तरी जातात.

आता हे दोघे माझ्या फोटोखाली भांडत होते. एक म्हणे, रोडस्टर मुळातच दोघांसाठी बनवलेली हलकी गाडी. दुसरा म्हणे, मग दोन सीटची कन्व्हर्टिबल असूच शकत नाही की काय? मध्येच स्पायडर आली, कॅब्रिओले आली, उघड्या गाड्यांची असतील नसतील ती सगळी नावं आली. दोघांकडे मिळून दोन स्कूटर आणि फुलं न्यायचा एक टेम्पो आहे, हे जाता जाता सांगते.

मी मध्ये पडले नाही. लोक लाइक करत होते, मीही बघत होते.

मंगळवारी शालूकाकू मागच्या दाराने आल्या. ही बातमी त्यांच्यापर्यंत कुणी पोचवली देव जाणे. "दोघं एकमेकांना काय लिहितात म्हने फोनवर? वाच बघू."

मी सगळं वाचून दाखवलं. काकूंनी मन लावून ऐकलं आणि एकच विचारलं, "शिव्या नाय ना दिल्या?" म्हटलं, नाही, 'तुला गाड्यांतलं काही कळत नाही' एवढंच आहे. "मग चालेल," म्हणाल्या.

त्यानंतर त्या रोज यायला लागल्या. रोडस्टर आणि कन्व्हर्टिबल यांतला फरक त्यांना आता माझ्यापेक्षा बरा सांगता येतो.

गुरुवारी मनोजची कमेंट होती, 'दादा, उगाच हट्ट करू नकोस. फोटो मोठा करून बघ.' काकूंनी हात वर केला. "दादा लिवलंय त्यानं?" हो म्हटलं. "परत वाच." मी अख्खं वाक्य पुन्हा वाचलं. "नाय गं, तेवढाच शब्द वाच."

मी तेवढाच वाचला. काकू उठल्या आणि निघून गेल्या. जाताना माझी चप्पल घालून गेल्या.

त्याच संध्याकाळी एका अनोळखी गृहस्थांनी लांबलचक कमेंट टाकली. 'दोघेही चुकताय. मागची काच आणि तिच्यापुढची जाड कमान जागेवरच आहे, छपराचा फक्त मधला भाग काढलाय. हिला टार्गा म्हणतात.' सोबत आकृतीसुद्धा जोडली होती.

मी शोधून पाहिलं. माणूस शंभर टक्के बरोबर होता. म्हणजे वाद संपला. आता दोघे एकेक अंगठा टाकणार आणि पुन्हा आपापल्या काठाला गप्प बसणार...

मी ती कमेंट डिलीट केली. सत्य दडपलं म्हणा हवं तर. त्या गृहस्थांची मनातल्या मनात माफी मागितली आणि भात लावायला गेले.

काल सकाळी फोटोखाली नवीन काहीच नव्हतं. काकूंना काय सांगायचं या विचारातच त्यांच्याकडे गेले. त्या मागच्या पायरीवर भाजी निवडत बसल्या होत्या. मला बघून ओठांवर बोट ठेवलं आणि शेजारी बसायची खूण केली.

बावखलाच्या या काठावरून सुधीरदादा ओरडत होता, त्या काठावरून मनोज. "अरे, छप्पर कापडाचं असलं काय नि पत्र्याचं असलं काय!" "दादा, तू आधी सीट मोज रे!" पाण्यावरून शब्द न् शब्द स्पष्ट येत होता.

मी हळूच काकूंना म्हटलं, "त्या गाडीचं खरं नाव मला कळलंय. सांगू का दोघांना?"

"नको गं बाय," काकू भाजीवरची नजर न काढता म्हणाल्या. "कोन बरोबर ते कळलं की गप बसतील."

ही पोस्ट त्या दोघांना दिसणार नाही अशी सेटिंग केली आहे. ज्यांना गाड्यांतलं खरोखर कळतं, त्यांनी कृपया काही दिवस आमच्या बावखलाकडे फिरकू नये.