समोरच्या काकांचं नाक आणि बोर्दोची बाटली

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांइतका निव्वळ नाकावर जगलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. महाप्याच्या एका कारखान्यात बिस्किटांना आणि साबणांना लागणारे अर्क तयार करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि निवृत्त झाल्यावर तीच नोकरी त्यांनी आमच्या बेलापूरच्या सोसायटीत बिनपगारी चालू ठेवली. कुणाकडे काय शिजतंय, कुणाचं करपतंय आणि कुणाकडे पाहुणे उतरलेत, हे ते जिना चढता चढता सांगायचे. मासळीवालीने पाटी खाली ठेवायच्या आत त्यांनी पापलेट कालचं ठरवलं, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, तुमचा नाक हाय का मांजराचा?" माझ्या बायकोने लग्नानंतर त्यांना पहिल्यांदा चहाला बोलावलं, तर त्यांनी कप उजेडात धरला, गोल फिरवला, त्यात नाक घातलं, एक घोट तोंडात बराच वेळ खेळवला आणि डोळे मिटून निकाल दिला, की आलं जरा उशिरा पडलंय, बाकी चहाचा स्वभाव चांगला आहे. तिने पुढे महिनाभर त्यांना सरबतच दिलं.

ही चाखायची रीत फ्रान्सची. लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले असताना कंपनीने त्यांना चार महिन्यांसाठी बोर्दोला पाठवलं होतं. गेले अर्क शिकायला, आणि घरमालक म्हाताऱ्याच्या तळघरात बसून वाईन शिकून आले. तिथली तांबडी वाईन एकाच द्राक्षाची नसते, दोन-तीन जाती मिसळून करतात, आणि जाणकार माणूस वासावरून त्या पुन्हा वेगळ्या काढतो, हे त्यांनी मला किती रविवार समजावलं असेल. काबर्ने कणा देतं, मर्लो अंग भरतं, आणि तिसरं, ज्याचं नाव मला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही, ते चिमूटभरच असतं, पण त्याच्यावाचून सगळं मुकं. इथवर आलं की ते खिडकीबाहेर पारसिकच्या डोंगराकडे बघत बसायचे. तो वास एकदा परत घ्यायचाय, एवढंच म्हणायचे.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात त्यांचा भाचा कंपनीच्या कामाने तिकडे गेला आणि येताना खास बोर्दोची बाटली घेऊन आला. मला वाटलं, त्याच दिवशी उघडणार. काकांनी ती ओल्या गोणपाटात गुंडाळून पलंगाखाली ठेवली. मे महिन्यात उकाडा फार म्हणाले, पावसाळ्यात हवा दमट, दिवाळीत फटाक्यांचा धूर. शेवटी जानेवारीत भाच्याचा फोन आला, मामा, कशी होती? काकांना खोटं बोलता येईना. त्याच दुपारी त्यांनी मला एक लांब स्क्रू आणि पक्कड घेऊन बोलावलं.

बूच निघायला अर्धा तास लागला. ग्लास म्हणून कारखान्यातले दोन काचेचे बीकर होते. काकांनी पांढऱ्या उशीच्या अभ्र्यासमोर रंग पाहिला, कडेला विटकरी झाक आहे म्हणाले. मग बीकर फिरवला आणि नाक आत घातलं. पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा घातलं, आणि बीकर हळूच टेबलावर ठेवला.

"काही नाही येत," ते म्हणाले.

मी म्हटलं, बाटली खराब झाली असेल. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनीच मग सांगितलं, की काकांचं नाक जाऊन दोन वर्षं होत आली होती. आधी अत्तर गेलं, मग फोडणी, मग दूध करपलेलंही कळेना. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हापासून जिन्यात कुणाकडे काय शिजतंय, ते काकूच त्यांना घराबाहेर पडताना कानात सांगत. सोसायटीला कळू नये म्हणून.

काकूंनी पदराला हात पुसले, समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि बीकर उचलला. दारूचा थेंबही न शिवलेली बाई. त्यांनी डोळे मिटून वास घेतला.

"करवंदं," त्या म्हणाल्या. "चांगली काळी झालेली. आणि शाळेत पेन्सिलीला टोक करायचो, तसं काहीतरी."

"काबर्ने," काका पुटपुटले. "पुढे?"

"आलुबुखार. मऊ पडलेलं."

"मर्लो. अजून बघ. घाई नको करूस."

काकूंनी बीकर पुन्हा नाकाशी नेला. मग त्यांनी बीकर खाली ठेवला.

"हे फुलांचं आहे. नाव नाही माहीत मला. तुम्ही तिकडून आलात ना, तेव्हा तुमच्या कपड्यांना होता हा वास. एक शर्ट मी पावसाळाभर धुतला नव्हता."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. तीस-बत्तीस वर्षं ते ज्या तळघराची आठवण काढत होते, त्याचा वास इतकी वर्षं घरात कुणाला तरी पाठ होता, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मग त्यांनी एक घोट घेतला आणि बीकर काकूंपुढे केला. काकूंनी ओठ लावले, तोंड वाकडं केलं आणि कडू आहे म्हणाल्या. दोघं हसले. मी पक्कड घेऊन घरी आलो.

त्यानंतर काकांनी सोंग सोडलं. संध्याकाळी दोघं खाडीकडच्या रस्त्याने फिरायला जायचे आणि काकू सारखं हळू आवाजात काहीतरी सांगत असायच्या. एकदा मी मागून चालत होतो. काकू म्हणत होत्या, कुणीतरी शेंगा भाजतंय, आता ओहोटीचा चिखल आला, आता कुणाच्या तरी अंगणातली रातराणी. ती रातराणी त्यांनी सांगितली, तेव्हा कुठे मला आली.

दोन वर्षांनी ते मुलीकडे सांगलीला गेले. मी अजून त्याच रस्त्याने फिरतो, आणि पुष्कळ वास माझ्या शेजारून तसेच निघून जात असतील.