भावोजींचे डोळे

मध्यंतरी मला प्रेरणा हवी झाली. तंजावुरात सोन्याचा वर्ख लावून चित्रं करणाऱ्याला खरं तर ही चैन शोभत नाही. गिऱ्हाईक येतं, लोणी खाणारा कृष्ण सांगतं, आपण तो करून देतो. जन्मभर मी तोच करत आलो. मग एकदा वाटलं, हे सगळं कशासाठी? उत्तर शोधायला तिरुवैयारूला जाऊन कावेरीकाठी बसलो. नदीत पाणी नव्हतं; ऊन मात्र भरपूर लागलं. बायकोने पाठीला खोबरेल चोळता चोळता विचारलं, "मग, आली का ती?"

आली ती माझ्या थोरल्या बहिणीच्या रूपाने, पापनाशमच्या बसमधून. भावोजींचं वर्षश्राद्धही अजून व्हायचं होतं.

"तंबी," अक्का म्हणाली (धाकट्या भावाला आमच्याकडे हीच हाक), "ह्यांचं एक चित्र कर. फोटोत सगळीकडे वरच्या साहेबासमोर उभे असल्यासारखे दिसतात. ओठ मिटून हसायचे बघ, तसं काढ. ते हसणं मला आताशा आठवेनासं झालंय रे."

मला भरून आलं. आणि खोटं कशाला सांगू, आनंदही झाला. कला कशासाठी, याचं उत्तर पिशवी घेऊन दारात उभं होतं!

फळी तासली, खडूचा लेप दिला, कितीतरी दिवस खपलो. भावोजी म्हणजे शेवग्याची शेंग. आणि माझ्या हाताला गुबगुबीत गालांखेरीज काही ठाऊक नाही. गाल बसवले की दंड फुगायचे, दंड आवरले की हनुवटी. डोळ्यांत सगळं सावरून घेऊ, असं स्वतःला सांगत राहिलो. आमच्या कामात डोळे सगळ्यांत शेवटी. ते उघडायच्या दिवशी आंघोळ करायची, दिवा लावायचा. हे देवाच्या चित्रासाठी. पण सवयीने भावोजींसाठीही केलं. अक्काला समोर बसवलं, बुबुळं भरली आणि बाजूला झालो.

कानापर्यंत गेलेले लांब, खट्याळ डोळे. गोकुळातले.

अक्का बघत राहिली. "अरे, हातात लोण्याचा गोळा द्यायला विसरलास," म्हणाली आणि हसली. भावोजी गेल्यापासून पहिल्यांदा. मीही हसलो. इतका, की ती हसायची थांबून डोळे मिटून बसलीय, हे मला उशिरा दिसलं.

"काय झालं, अक्का?"

"डोळे मिटले तरी हाच दिसतोय रे."

मी ओलं फडकं उचललं. तिने माझं मनगट धरलं. "उघडलेले डोळे पुसायचे नसतात." तीही याच घरात वाढलेली, तिला मी काय सांगणार? चित्र तिथेच ठेवून ती बस पकडायला गेली.

परवा फोनवर धीर करून विचारलं, "भावोजी दिसतात का गं?"

"दिसतात. आधी तुझा तो येतो. तो गेला की मग हे."

"तो किती वेळ थांबतो?"

पलीकडे तिने वाहता नळ बंद केला.

"थोडाच रे," अक्का म्हणाली.