रंगनाथचं वासरू

चंद्रभान पाणवठ्याजवळ चपला काढून हातात घ्यायचा. विडी विझली की थोटूक खिशात टाकायचा. पाण्यात पडलेल्या मधमाश्या काडीनं बाहेर काढायचा. ओल्या मातीत बिबट्याच्या मादीचे ठसे दिसले, की शेजारी छोटे ठसे शोधायचा.

चारठाण्यापलीकडच्या डोंगरात तो वनखात्याचा रोजंदारी मजूर. जनावरांसाठी बांधलेले पाणवठे भरायचे, हे त्याचं काम. यंदा मादीबरोबर दोन पिल्लं होती.

त्या दुपारी त्याला घाणेरीच्या जाळीत रंगनाथचं वासरू सापडलं. मादीनं रात्री मारलेलं, अर्धं खाल्लेलं. वास मात्र सडक्या मांसाचा नव्हता. तो वाकला. मांसात कीटकनाशकाचे दाणे भरले होते.

रंगनाथ खाली शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापुढं बाजेवर बसला होता.

"रंगनाथ, तिला दोन पिल्लं हायत."

"माझं वासरू बी पिल्लूच होतं, मामा."

"पंचनामा करू की. साहेबाला सांगतो मी."

"तुमी पाणी पाजायचं, आमी वासरं चारायची. बरी वाटणी हाय." रंगनाथ बाजेवरून हलला नाही. "लय कळवळा असंल तर जा, पुरून टाका त्याला."

अंधार पडला की मादी उरलेल्या शिकारीवर येणार, पिल्लांना घेऊन. उन्हं कलली होती. चंद्रभाननं आखाड्यावरचा टिकाव आणि फावडं उचललं.

"हाताला फडकं तरी बांधा," रंगनाथ मागून म्हणाला.

"कापसात हे औषध दरसाल उघड्या हातानंच टाकतो की."

बरड जमीन. दोन वीत खाली खडक लागला. तळहाताचे फोड फुटले. त्याच हातांनी त्यानं वासरू ओढत आणलं, त्याच हातांनी घाम पुसला. माती पुरेना. नुसत्या मातीतून तरस उकरून काढतं, म्हणून तो दगड आणून रचू लागला.

डोकं गरगरायला लागलं. तोंडाला पाणी सुटत होतं. ऊन लागलं, त्याला वाटलं. एवढ्यात वरच्या कड्यावर वानरं खाकरली, बिबट्या दिसला की खाकरतात तशी. आली, तो मनात म्हणाला, आणि पळत दगड आणू लागला. डोळ्यांपुढं दगड दोन-दोन दिसत होते.

दिवस मावळता रंगनाथ वर आला तेव्हा तो पालथा पडला होता.

"मामा. मामा, उठा."

रंगनाथनं त्याला मोटारसायकलवर घेतलं, रुमालानं पाठीशी बांधलं. जिंतूरचा दवाखाना यायच्या आधीच चंद्रभान गेला.

डोंगरात अंधार पडला होता. वासराच्या मागच्या पायांवर दगड रचायचे राहिले होते.