मुरुमच्या वाटेवर आम्हाला कोणी भाकरी विकेना

"भाकरी बघायला एवढ्या लांब कोण जातं गं?" असं बहिणीने फोनवर विचारलं, तेव्हा मी विषय बदलला. बॅग मात्र भरून दारात तयार होती.

त्याचं असं झालं. आमचे श्रीकांतराव चाकणच्या एका कारखान्यात आहेत. उमेदीची सगळी वर्षं खरेदी विभागात घासाघीस करण्यात गेली, आणि आता साहेबांनी त्यांना एकदम 'सामाजिक जबाबदारी' विभागात नेऊन बसवलं. तेव्हापासून आमच्या घरात सगळंच शाश्वत झालंय. शाश्वत विकास, शाश्वत उपजीविका, शाश्वत पुरवठा. कालची आमटी आज ताटात वाढताना मीही म्हणते, "घ्या, शाश्वत आमटी."

तर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चार वाजताच्या चहासोबत बिस्किटांऐवजी ज्वारीची कडक भाकरी द्यायचं घाटत होतं. उमरगा तालुक्यात मुरुमजवळच्या एका गावातला बायकांचा गट ती करतो. नमुना म्हणून कुरिअरने आलेली पाकिटं लोकांनी फस्त केली होती. पण साहेबांची एक अट होती: "आपल्याला दान नाही करायचं, धंदा करायचाय. तिथं कुणी रोख पैसे देऊन यांची भाकरी घेतं का, ते डोळ्यांनी बघून या. कुणीच घेत नसेल, तर उद्या आपली ऑर्डर बंद पडली की त्या बायका पुन्हा होत्या तिथंच." साहेब लोकांचं क्वचित पटतं मला, पण हे पटलं.

नवरात्राची गर्दी ओसरली होती, म्हणून पहिला मुक्काम तुळजापूरला ठेवला. सोलापूरपर्यंत रस्ता लोण्यासारखा आहे. टोल भरताना हे प्रत्येक नाक्यावर हळहळतात, तेवढं सोडलं तर प्रवास सुखाचा. सोलापूरहून तुळजापूर तासाभरावर. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळून गेलात तर हजाराच्या आत बरी खोली मिळते. लॉजवाल्याने आम्हाला आग्रह केला, "साहेब, एसी रूम घ्या."

"एसी चालतो का?"

"रूम चालती की!"

आम्ही साधी खोली घेतली. संध्याकाळी देवीचं दर्शन निवांत झालं. देवीपुढे यांनी डोळे मिटून बराच वेळ काहीतरी मागितलं. मी विचारलं तर म्हणाले, "ऑर्डर यशस्वी होऊ दे म्हणालो." शाश्वत नवस, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी निघून वाटेत नळदुर्गचा किल्ला बघितला. हा चुकवू नका. पाणी भरपूर असेल तर बंधाऱ्यावरून धबधबा कोसळतो, आणि बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालात उभं राहिलं की अंगावर काटा येतो. पुढे हैदराबाद हायवेवर ट्रकच ट्रक. चहा चांगला हवा असेल तर ट्रकवाले थांबतात तिथेच थांबायचं, हा माझा नियम. मग हायवे सोडून मुरुमच्या दिशेला वळलो. सोयाबीन निघालेलं, तुरी कमरेएवढ्या, काळ्या रानात ज्वारीची पेरणी चाललेली. गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाहीये. का, ते पुढे कळेलच.

गटाचं काम महादेवी अक्कांच्या घरी चालतं. अक्का साठीच्या, कपाळभर कुंकू, आवाज असा की पुढच्या गल्लीतली शेळी वळून बघेल. "बन्नी बन्नी, या, बसा!" अर्धं कानडी, अर्धं मराठी स्वागत झालं. सोप्यात सहा बायका भाकऱ्या थापत होत्या. पातळ, बशीएवढी भाकरी आधी तव्यावर भाजायची, मग निखाऱ्याच्या धगीला उभी करून पापडासारखी कडक होऊ द्यायची. महिनाभर खराब होत नाही. कोपऱ्यात कुठल्याशा संस्थेने दिलेलं भाकरीचं यंत्र होतं. दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार अजून त्याच्या गळ्यात, आणि डोक्यावर मिरच्या वाळत घातलेल्या.

"हे चालत नाही का?" यांनी विचारलं.

"चालतंय की. पर त्याची भाकरी कुणी खाईना," अक्का म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या, मिरच्या झ्याक वाळत्यात."

मग आम्ही जेवलो. भाजक्या पिठाची येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी, दही, कांदा आणि कडक भाकरी आमटीत चुरून. मी किती खाल्लं ते इथे सांगणार नाही, नवरा हा ब्लॉग वाचतो. हात धुऊन यांनी पाकीट काढलं आणि म्हणाले, "आता दहा पाकिटं द्या. किती झाले?"

अक्कांनी पदर तोंडाला लावला.

"काय बोलालाव साहेब? दारात आलेल्या मान्साला भाकरी इकायची? आमचं खानदान काय म्हनंल?"

"अहो, पण तुमचा धंदाच भाकरीचा ना?"

"व्हय की."

"मग विका!"

"तुमाला कसं इकायचं? तुमी पाव्हणे."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी आमटीचं भांडं बघत होते. तेवढ्यात दारात एक ट्रकवाला आला. त्याला कुणीतरी या भाकरीबद्दल सांगितलं होतं. दोन पाकिटं हवी होती. हे खूश! आलं गिऱ्हाईक! पण अक्कांनी त्याला आधी पाणी दिलं, मग ताट दिलं. तो पोटभर जेवला, आणि निघताना दोन पाकिटं त्याच्या हातात कोंबली. त्याने नोट पुढे केली, तर अक्का त्याच्यावरच ओरडल्या. यांचा चेहरा असा झाला होता की मला हसू आवरेना.

"मग आजवर विकलं कुठं?" मी विचारलं.

उत्तर कमलने दिलं. कमल म्हणजे गटातली सगळ्यांत खटपटी बाई, तिशीतली, बोलता बोलताही भाकरीचा हात न थांबवणारी. "उमरग्याच्या प्रदर्शनात सारा माल संपला बगा ताई. एक पाकीट उरलं न्हाय. पर प्रदर्शन रोज कुठनं आणायचं? गावात आलं की ह्ये असं हुतंय."

श्रीकांतरावांनी घसा खाकरला. माणूस मनाचा वाईट नाही, पण खोटं बोलता येत नाही त्याला. "मी साहेबांना काय सांगू? गिऱ्हाईक येतं आणि जेवून जातं, असं? ऑर्डर नाही मिळायची अशानं."

कमलचा हात थांबला.

"न्हाय मिळायची?"

"अवघड आहे."

कमलने पीठ भरलेले हात परातीत झटकले. "साहेब, शनवारी मुकादम येणार हाय, टोळीत नाव लावाय. ऊसतोडीला कोयता म्हंजे जोडी लागती, नवरा-बायकू. म्या न्हाय म्हणलं तर मालकांनाबी जाता येत न्हाय. ते मुरुमच्या मोंढ्यात हमाली करतो म्हणत्यात, पर तेवढ्यावर घर चालत न्हाय, माझं भाकरीचं पक्कं पायजे. मागल्या साली पोरीला आईकडं ठिवून गेलते. सा म्हयने. परत आले तर पोरगी मला नुसत्या वळखीच्या बाईवानी बगाय लागली. औंदा म्या जाणार न्हाय."

मला इतका राग आला होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं. साहेबांचा? अक्कांचा? पोटभर जेवून बसलेल्या माझा? अक्का जमिनीकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "कमल, तुला म्या माझ्या वाट्याचं देते. पर दारात भाकरी इकणं मला जमायचं न्हाय गं."

"तुमी नका इकू," कमल म्हणाली. तिने दुरडी उचलली, त्यात पाकिटं भरली, पायात चपला सरकवल्या आणि तरातरा चालायला लागली. आम्ही सगळे मागे. गावातली कुत्रीसुद्धा मागे. गाव संपून फाटा आला. तिथे एसटीच्या शेडमध्ये तिने दुरडी ठेवली, पदर खोचला आणि यांच्याकडे वळून म्हणाली,

"हां साहेब. आता म्या कुणाच्या दारात न्हाय. बोला, किती पायजेत?"

"दहा."

"साठ रुपये पाकीट."

आणि काय सांगू तुम्हाला! जन्मभराची खोड! हा माणूस म्हणतो, "दहा घेतोय, पन्नासने लावा की."

"अहो!" मी ओरडले.

पण कमल हटली नाही. "फिक्स रेट हाय. पायजे तर घ्या, न्हायतर बाजूला सरा, मागं गिऱ्हाईक हाय."

मागे फक्त मी होते. यांनी मुकाट्याने सहाशे रुपये दिले. मी आणखी पाच पाकिटं घेतली. तेवढ्यात उमरग्याची एसटी आली. कंडक्टरने खिडकीतूनच विचारलं, "काय इकालाव?" आणि दोन घेतली. कंडक्टरने घेतली म्हटल्यावर एसटीतल्या निम्म्या बायका खाली. एवढ्यात गावाकडून अक्का धापा टाकत आल्या, हातात चटणीचा डबा.

"भाकरीचं पैसं घ्या," त्या कमलला म्हणाल्या, "पर कोरडी भाकरी कुणाला देऊ नगा बाई, जीव तुटतो. चटणी फुकट."

"चटणीचा खर्च कशात धरायचा?" हे माझ्या कानात पुटपुटले. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

त्यांनी डोळ्यांनी बघायचं ते बघितलं होतं. परत येताना सोलापूरपर्यंत स्वतःशीच हसत होते. "बाई कच्ची नाही. माझ्यासारख्याला एक रुपया सोडला नाही," असं तीनदा म्हणाले. साहेबांनी संक्रांतीपर्यंतची ऑर्डर मंजूर केली. पुढचं पुढे.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर फाट्यावरच थांबा, गावात शिरू नका. शिरलात तर जेवल्याशिवाय सुटका नाही आणि खिशातला हात खिशातच राहील; म्हणूनच नाव लिहिलं नाही. घरी आल्यावर मला काही दिवस वाटत होतं की आपण एक गमतीदार गोष्ट बघून आलो. सोमवारी कमलचा फोन आला, तोपर्यंत.

"शनवारी मुकादम आलता ताई. न्हाय म्हणून सांगितलं."

"मग?"

"मग काय, जेवू घातलं. दारात आलता ना! काल टोळीचा ट्रक फाट्यावर थांबला. वाटंत खायाला म्हणून मुकादमानं समदी पाकिटं घेतली. कमी करा म्हणला. म्या म्हणलं, फिक्स रेट."

मी पोट धरून हसले. ती हसली नाही.

"ट्रकात माझी जाऊ हुती. लेकरू मांडीवर. बाजूला ठिवलेलं एक पाकीट म्या तिला दिलं, तर तिनं वरनं हात खाली करून पैसं धरलं माझ्यापुढं. म्या न्हाय घेतलं. फाट्यावर हुते, तरी न्हाय घेतलं. धंद्यात आसं चालतंय का, साहेबांना इचारा की."

मी फोन स्पीकरवर टाकून तिला सगळं पुन्हा सांगायला लावलं. श्रीकांतराव फोनजवळ सरकले. "चालतं," ते म्हणाले. "पण जावेला सांगा, परत आली की फाट्यावर बसायला तुम्हाला एक माणूस लागणार आहे."

"सांगितलंय की," कमल म्हणाली. "ट्रक हलायच्या आदी सांगितलंय."