भामरे मामांनी नापास केलेले दोर

मेंटेनन्समधल्या माणसाकडे किस्से फार साठतात. कारण सोपं आहे. मशीन चालू असलं की आम्ही बसलेले, म्हणून गप्पांना वेळ मिळतो. आणि मशीन बंद पडलं की सगळा कारखाना आमच्याभोवती कोंडाळं करून उभा, म्हणून गप्पांना विषय मिळतो! आमचा सातपूरचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली, पण आम्ही जुने चौघं अजून महिन्यातून एकदा चहाला जमतो. पहिला कप संपायच्या आत गाडी भामरे मामांवर येते.

मामा आमचे क्रेन फिटर. सटाण्याकडचे. शेडच्या छताखालून फिरणारी पंधरा टनांची क्रेन आणि तिचा हुक ज्यावर लटकतो तो पोलादी तारांचा दोर, एवढं त्यांचं राज्य. आम्ही सगळे त्याला 'वायर रोप' म्हणायचो, मामा मात्र 'दोर'च म्हणायचे. एरवी बोलणं मराठीत, राग आला की अहिराणीत. हट्ट एकच होता, की आपण रिटायर होईपर्यंत आपल्या क्रेनखाली कुणाला काही होता कामा नये. त्यापायी त्यांनी किती दोर नापास केले असतील, देव जाणे.

०

पण पहिला दोर नापास केला तो मी.

चौऱ्याण्णव साली डिप्लोमा करून नुकताच लागलो होतो. स्टोअरमध्ये दोराचं नवं कोरं भेंडोळं आलं आणि तपासणीचं काम माझ्याकडे. वीस एमएमचा दोर, आणि माझ्या व्हर्नियरमध्ये जेमतेम अठरा! पुन्हा मोजला, पुन्हा अठरा. पुरवठादाराची चोरी पकडल्याच्या आनंदात मी इंग्रजीत लांबलचक रिजेक्शन नोट लिहिली आणि साहेबांकडे निघालो.

वाटेत मामा भेटले. नोट वाचली, मला परत स्टोअरमध्ये नेलं आणि व्हर्नियर थोडासा फिरवून धरला. वीसच्या वर आकडा आला. मी दोन पेडांच्या मधल्या खाचेत माप घेतलं होतं. घ्यायचं असतं ते समोरासमोरच्या पेडांच्या उंचवट्यांवरून.

मामांनी नोटेचे चार तुकडे केले आणि खिशात टाकले. म्हणाले, "कामाला लागायच्या आधीच रिटायर केला की वो साहेब त्याला."

मामांनी हे कुणाला सांगितलं नाही. पुढे सगळ्यांना सांगितलं ते मीच.

०

दोर तपासायची मामांची पद्धत म्हणजे चिंधी. ऑपरेटरला हुक अगदी सावकाश खाली घ्यायला सांगायचे आणि सरकत्या दोरावर चिंधी हलकेच धरायची. एखादी बारीक तार तुटलेली असली की तिचं टोक चिंधीत अडकतं. डोळ्याला न दिसणारी तारसुद्धा चिंधी पकडते. अडकली की 'थांब' म्हणायचं, खडूने खूण करायची आणि मोजायचं. कंपनीत मशीन पुसायला मिळणाऱ्या कॉटन वेस्टचे धागे सुटतात म्हणून मामा घरून जुन्या लुगड्यांच्या चिंध्या आणायचे.

एका दिवाळीत फराळाला त्यांच्याकडे गेलो. भिंतीवर मामा-मामींचा फोटो होता. त्यातल्या मामींच्या अंगावर पिवळं, हिरव्या काठाचं लुगडं पाहून माझ्या हातातला लाडू हातातच राहिला. ते काठ मी गेले दोन महिने क्रेनवर बघत होतो.

मामी म्हणाल्या, "माहेरचं शेवटचं लुगडं होतं ते. ट्रंकेत खाली ठेवलेलं. यांना जुनं वाटलं."

मामा चिवडा खात होते. मान वर न करता म्हणाले, "वाया नाय गेलं. तीन तारा सापडल्या त्यात."

मला हसू आवरेना. मामी हसल्या नाहीत. निघताना मला फाटकापर्यंत सोडायला त्याच आल्या आणि तिथे त्यांनी सांगितलं. आधीच्या कंपनीत मामांच्या डोळ्यांदेखत दोर तुटला होता आणि त्यांचा जोडीदार जागच्या जागी गेला होता. त्या दोराची तपासणी त्या आठवड्यात राहून गेली होती आणि ती पाळी मामांची होती.

०

आयएसओ नावाची साथ आली तेव्हाची गोष्ट. ऑडिटर येणार म्हणून कारखान्याला रंग सुरू झाला. मशीनला हिरवा, रेलिंगला पिवळा, पाइपांना निळा. रंगाऱ्यांना सांगितलं होतं की काही सोडू नका, आणि ती माणसं प्रामाणिक होती. सकाळी येऊन बघतो तर क्रेनचा दोर पार वरपर्यंत चंदेरी!

आम्हाला तो छानच वाटला. मामांनी डोक्याला हात लावला. रंगाखाली तुटलेली तार दिसणार कशी आणि ग्रीस आत मुरणार कसं? डिझेल आणि तारेचा ब्रश घेऊन ते वर चढले. दोन दिवस घासत होते, जेवणाचा डबा दोरीने वर मागवायचे. मग दोराला वंगण चोपडलं.

ऑडिटर आला तेव्हा अख्ख्या शेडमध्ये काळाकुट्ट असा तो एकच दोर. ऑडिटरने नेमकं तिकडेच बोट दाखवलं. प्रॉडक्शन मॅनेजर देसाई साहेबांचा चेहरा पडला. ऑडिटरने विचारलं, याला रंग का नाही?

मामा म्हणाले, "बाकीचं दाखवायला हाय साहेब. हे वापरायला हाय."

ऑडिटर खळखळून हसला आणि त्याने वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही, पण सर्टिफिकेट मिळालं.

०

कारखान्याच्या जुन्या दोरावर सगळ्या गावाचा डोळा असायचा. कुणाला तो द्राक्षाच्या मांडवाला हवा, कुणाला ट्रॅक्टरमागे बांधायला. मामांचा नियम होता की उतरवलेल्या दोराचे त्याच दिवशी हातभर तुकडे करायचे.

एकदा पिंपळगाव बसवंतचे एक बागायतदार वरच्या साहेबांची चिठ्ठी घेऊन आले. विहिरीत मोटार सोडायला जुना दोर हवा होता. मामांनी चिठ्ठी वाचली, चहा मागवला आणि त्यांच्यासमोरच दोर गॅस कटरखाली घेतला. बागायतदार लालेलाल झाले. एक मोटार सोडायची तर एवढा माज कशाला, म्हणाले.

मामा कटर बंद करून शांतपणे म्हणाले, "मोटार अडकली की सोडवायला मानूस उतरतो ना भाऊ? तो कशाला धरून उतरल?"

बागायतदारांनी चिठ्ठी परत खिशात घातली. पुढच्या रविवारी मामा स्वतः त्यांच्याबरोबर बाजारात गेले, नवा दोर निवडून दिला आणि पिंपळगावला जाऊन क्लॅम्प लावून आले. मीही गेलो होतो. येताना बागायतदारांनी आमच्या स्कूटरवर द्राक्षाच्या दोन पेट्या घातल्या, आणि त्या दिवसासारखी द्राक्षं मी नंतर कधी खाल्ली नाहीत.

०

दोन हजारनंतर ऑर्डरी आटल्या आणि कारखाना बंद करायचं ठरलं. एकेक मशीन विकलं गेलं. शेवटी लोखंडात भोकं कोरणारं मोठं बोरिंग मशीन उरलं, बारा टनांचं. ते ट्रेलरवर चढवलं की शेडला कुलूप लागणार होतं. क्रेन जाणार होती भंगारात. आम्ही जेमतेम दहा-बारा जण राहिलो होतो. मामांच्या रिटायरमेंटला पंधरा दिवस होते.

सकाळी मामांनी चिंधी फिरवली. एकही तार अडकली नाही. मी जाडी मोजली, पेडावरून पेडावर. बरोबर होती. पण एका जागी मामांचा अंगठा थांबला. तिथे पीळ त्यांना किंचित लांबल्यासारखा वाटत होता, म्हणजे आतला तागाचा गाभा दबून दोर कमजोर झाला असावा. मला तर काही कळलं नाही. मामांनी क्रेनची किल्ली काढून खिशात टाकली. नवा दोर आणा, म्हणाले.

देसाई साहेबांनी आधी समजावलं. मग आवाज चढवला. ट्रेलर दारात उभा, एकच उचल, त्यानंतर क्रेनच राहणार नाही. रजिस्टरवर मी सही करतो, म्हणाले.

तेव्हा मामांची अहिराणी बाहेर आली. "दोरले कोठे माहीत शे साहेब, शेवटली उचल शे म्हनून?"

देसाई साहेब पाय आपटत केबिनमध्ये गेले, पण थोड्या वेळाने मला बोलावून टेम्पो दिला. आमचं स्टोअर केव्हाच रिकामं झालं होतं. अंबडला एका कारखान्यात माझा वर्गमित्र होता, त्याच्या हातापाया पडून मी दोर मिळवला. भेंडोळं उलगडताना जादा पीळ पडू नये म्हणून मामांनी ते जमिनीवर चाकासारखं गडगडत न्यायला लावलं. दोर चढवायला दुपार झाली. आधी रिकामा हुक दोनदा वरखाली केला, मग हलकं वजन उचललं, आणि मग मशीन. बारा टन लोखंड झोपलेलं पोर गादीवर ठेवावं तसं ट्रेलरवर टेकलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ट्रेलर फाटकाबाहेर वळला आणि शेड एकदम फार मोठी वाटायला लागली. इतरांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

तेवढ्यात देसाई साहेब आले. जुना दोर जमिनीवर पडला होता. म्हणाले, मामा, दिवस घालवलात, आता बघू तर द्या.

मामांनी स्वतः कटर घेतला आणि अंगठा थांबला होता तिथेच दोर कापला. पेड एकेक करून उलगडले. आम्ही सगळे वाकलो. आतला गाभा घट्ट, तेलाने ओला. तारा नव्यासारख्या चमकत होत्या. एकसुद्धा तुटलेली नव्हती.

मग देसाई साहेब हलकेच म्हणाले, "मामा, दोर तर चांगला निघाला."

मामा उकिडवे बसले होते. त्यांनी तारांवरून अंगठा फिरवला आणि वर बघितलं.

"मंग साहेब," ते म्हणाले, "वाईट निघायला पाहिजे होता का?"