गोळी अंगी लागंना

"ही बाई गोळ्या घेतच नाहीये," असं म्हणत आमच्या डॉक्टर सरांनी रिपोर्ट माझ्यापुढे टाकला आणि फॉर्मवर टिक केली. त्या फॉर्मवर दोनच चौकोन आहेत: 'औषध घेतले' आणि 'औषध घेतले नाही'. टिक दुसऱ्यात पडली.

मी कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. डॉक्टरांनी दिलेलं औषध शरीरात गेल्यावर काय करतं, यावर लक्ष ठेवणं हे माझं काम.

ही बाई म्हणजे नेसरीची सारिका. सातवा महिना. स्वतः ठणठणीत, पण पोटातल्या बाळाचं हृदय भलत्याच वेगानं धावत होतं. असंच चाललं तर ते एवढंसं हृदय थकतं आणि बाळ हाती लागत नाही. बाळाला गोळी देता येत नाही. म्हणून डिगॉक्सिन नावाचं हृदयाचं औषध आईला द्यायचं, म्हणजे नाळ जिला जोडलेली असते त्या वारेतून ते बाळाकडे जातं. सुरुवातीला ॲडमिट करून औषध सुरू केलं. मग ती आणि तिची सासू पेठ वडगावला मावशीकडे राहून तपासणीला यायच्या. आज रक्तातली औषधाची लेव्हल अगदी कमी आली होती.

"सर, डोस वाढवायचा का?"

"आणि उद्यापासून खरंच घ्यायला लागली तर? विषबाधा होईल. आधी तिला समज द्या."

मी तावातच तिच्याकडे गेले. "गोळ्या का घेत नाहीस गं?"

"रोज घेतो की ओ मॅडम," म्हणताना सारिकाचे डोळे भरले.

शेजारची सासू उसळली. "माझ्या डोळ्यांदेखत घेतीया! घेतीया, पर अंगी लागंना, त्याला ती काय करंल? ह्ये बघा!" तिनं पिशवीतून रबर लावलेल्या रिकाम्या स्ट्रिप्स काढल्या.

मी मोजल्या. एका गोळीचाही फरक नव्हता. मला माझीच लाज वाटली.

अंगी लागंना. आमच्याकडे हे जेवणाबद्दल बोलतात. पोरगं चार भाकरी खातं, पण अंगी लागत नाहीत. गोळीबद्दल मी पहिल्यांदाच ऐकलं आणि हसू आलं. जिना चढताना लक्षात आलं, की सासूबाईंनी निदानच केलं होतं.

पेशींच्या आवरणात काही प्रथिनं असतात, त्यांना ट्रान्सपोर्टर म्हणतात. औषध आत-बाहेर करणारे हे पंप. डिगॉक्सिन बाहेर फेकणारा एक पंप मूत्रपिंडात असतो. गर्भारपणात शरीर जी हॉर्मोन्स भरपूर बनवतं, त्यांच्यामुळे हा पंप जोर धरतो आणि औषध लघवीवाटे निघून जातं. वारेतही तोच पंप असतो. बाळाकडे निघालेलं औषध तो आईकडेच परत लोटतो. शिवाय या दिवसांत शरीरात डिगॉक्सिनसारखीच द्रव्यं तयार होतात आणि कधीकधी तपासणी त्यांनाही औषध समजून लेव्हल जास्त दाखवते. म्हणजे खरी लेव्हल याहूनही कमी असू शकत होती.

मी सरांसमोर स्ट्रिप्स ठेवल्या. "ॲडमिट करू. गोळी सिस्टरच देतील. तरी लेव्हल कमी आली तर?"

"तर वाढवू. आणि बरोबर आली तर?"

"तर समज मला द्या."

सिस्टरसमोर गिळलेल्या गोळ्यांनंतरही लेव्हल तळालाच राहिली. सरांनी लगेच डोस वाढवला, रोज आईचा ईसीजी आणि रक्ततपासणी सुरू केली. दोन दिवस काहीच फरक नाही. सासू दारात बसून प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "काय झालं ओ?"

पाचव्या दिवशी सोनोग्राफीत सरांनी बाळाच्या हृदयाचा वेग दोनदा मोजला. ठोके नेहमीच्या वेगात आले होते. मग ते दारातल्या सासूकडे वळले.

"लागली अंगी," ते म्हणाले.

सासूनं पदर डोळ्यांना लावला. माझेही डोळे पुसायचेच होते.

सारिकाला वेळेवर मुलगी झाली. रडते तेव्हा सगळ्या वॉर्डाला कळतं.

फॉर्मवर अजून दोनच चौकोन आहेत. तिसरा मी पेनानं काढते आणि पुढे लिहिते: 'घेतले, पण अंगी लागले नाही'. सर त्याखाली सही करतात.